काऊन, कामून, कित्याक

मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसास हंसतो तो बहुतेक वेळां त्याच्या बोलण्यावरून. पागोट्याच्या घाटावरून किंवा लुगड्याच्या काठावरून मनुष्याचा मुलूख ओळखावयाचे दिवस गेले. वेष आतां सर्वत्र एकच झाला आहे. परंतु दोन वाक्यें तोंडांतून बाहेर पडलीं कीं, बोलणारा वऱ्हाडचा कीं मालवणचा, खानदेशचा कीं कोल्हापूरचा, हें ऐकणाराच्या तत्काळ ध्यानांत येतें. आणि ध्यानांत येतांच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत हंसूं उमटतें. आज मला या हंसण्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे. कोणीं हंसूंच नये असें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. भाषेच्या गमतीवर हंसण्याइतके स्वस्त आणि निर्मळ आनंद जगांत फार नाहींत. परंतु ज्या शब्दाला आपण हंसतों तो कोठून आला, आणि त्याच्या जागीं आपण जो शब्द वापरतों तो कोठून आला, याची चौकशी केली म्हणजे पुष्कळदां हंसणाराचीच बाजू लंगडी पडते. शिवाय या हंसण्याची किंमत कधींकधीं लहान मुलांना द्यावी लागते. तिचा हिशेब मी जन्मभर शाळेंत पाहिला आहे.

प्रथम मंडईंत जाऊं. नागपूरकडची एखादी गृहिणी पुण्यास नव्यानें बिऱ्हाड करते आणि भाजीवाल्यापाशीं ‘सांबार’ मागते. शेजारीं उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांपुढें इडलीबरोबर वाटींत येणारें आंबट कालवण उभें राहतें, आणि तें भाजीच्या टोपलींत कसें सांपडणार म्हणून ती गालांतल्या गालांत हंसते. विदर्भांत सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडची सांबारवडी ज्यानें एकदां खाल्ली आहे त्याला हें सांगावें लागत नाहीं. तीच गृहिणी पुढें ‘जांब’ मागेल तर तिला पेरू हवे असतात, ‘भेदरं’ म्हणेल तर टोमॅटो, ‘फल्ली’ म्हणेल तर भुईमूग, आणि ‘आलू’ म्हणेल तर बटाटे.

आतां हंसणाऱ्या बाईची पिशवी तपासून पाहूं. तिच्या पिशवींत पेरू आहे, बटाटा आहे, कोबी आहे, न्याहारीसाठीं पाव आहे. हीं चारहि नांवें पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आलेलीं. पेरू आणि बटाटा हीं झाडें मूळचीं अमेरिका खंडांतलीं. गलबतांतून तीं पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनीं माल घेतला तसें नांवहि घेतलें. वऱ्हाडानें निराळें केलें. त्यानें परक्या फळाला घरांतलें जुनें नांव दिलें. जांब हा शब्द संस्कृत ‘जम्बु’च्या कुळांतला; गुजराथेंत ‘जामफळ’ आणि मध्यप्रदेशांत ‘जाम’ म्हणतात तेहि त्याचेच सोयरे. आलूचीहि तीच गोष्ट. संस्कृतांत ‘आलु’ किंवा ‘आलुक’ हें खाण्याच्या कंदाचें नांव होतें. नवा कंद आला तेव्हां तें त्याला लागलें. म्हणजे हंसणारी बाई पोर्तुगीज बोलत आहे आणि जिला ती हंसते ती संस्कृताच्या नातीशीं संसार करीत आहे! यावरून पेरू म्हणणें चूक ठरत नाहीं. दोन मुलखांनीं एकच अडचण दोन रीतींनीं सोडविली, एवढेंच ठरतें.

मुलूख निराळे पडले त्यालाहि कारणें आहेत. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण आपण सगळे म्हणतों. पण कोसांइतकाच राज्यकर्त्यांचाहि त्यांत हात असतो. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतें. कचेरींत, रेल्वेंत, बाजारांत मराठी माणसाच्या कानांवर सारा दिवस हिंदी पडे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि तेथील शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा अंमल होता. दक्षिण कोंकण गोव्याला लागून, तर कोल्हापूर-सोलापूरच्या दाराशीं कानडी. १ मे १९६० रोजीं हीं सगळीं भावंडें एका मराठी राज्यांत आलीं. एका छपराखालीं नांदावयास लागून शंभर वर्षेंहि न झालेल्या भावंडांना एकमेकांचें बोलणें अजून नवलाचें वाटलें, तर त्यांत आश्चर्य नाहीं.

सर्वांत अधिक हंसूं येतें तें क्रियापदांना. ‘काय करून राहिला बे?’ असें वऱ्हाडी मित्रानें विचारलें, आणि दुसऱ्यानें ‘जेवून राहिलो’ म्हटलें, तर पुण्याकडच्या कानाला वाटतें कीं हा गृहस्थ जेवण आटोपून तेथेंच मुक्कामाला राहिला. मराठवाड्यांतला मनुष्य ‘जेवायलोय’ म्हणतो, कोल्हापूरकर ‘जेवालोय’ म्हणतो, आणि पुण्याचा ‘जेवतोय’ म्हणतो. यांत अडचण एकच आहे. काम चालूं आहे, संपलें नाहीं, हें नुसत्या ‘जेवतों’नें नीट कळत नाहीं, कारण ‘मी नऊ वाजतां जेवतों’ यांत रोजची वहिवाट सांगितली आहे. चालूं क्षण दाखविण्यास जोडीला कांहींतरी घ्यावें लागतें. वऱ्हाडानें ‘राहणें’ घेतलें, हिंदीनेंहि तेंच घेतलें आहे. मराठवाड्यानें ‘जेवायला’ या रूपालाच कामाला लावलें. पुण्यानें ‘असणें’ घेतलें आणि ‘जेवतों आहे’ याचें ‘जेवतोय’ करून टाकलें. गंमत ही कीं, हें ‘जेवतोय’ शाळेच्या जुन्या व्याकरणांत सांपडावयाचें नाहीं. तेथें ‘जेवीत आहे’ असें भारदस्त रूप बसलेलें असतें. म्हणजे तिघांनींहि व्याकरणाच्या पाठीमागें आपापली सोय पाहिली. त्यांतल्या एकाची सोय सर्वांच्या कानांवर पडत राहिली म्हणून ती ‘शुद्ध’ वाटूं लागली, इतकेंच.

कोल्हापुरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, यावर तर हंसणारांची लहर विशेष. मुलीनें ‘आले’, ‘जाते’ म्हणावयाचें, हा नियम आपल्या हाडीं खिळलेला. पण त्या मुलखाला लागून असलेल्या कानडींत ‘मी आलों’ म्हणतांना पुरुषाचें व स्त्रीचें क्रियापद निराळें नसतें. दोन्ही भाषा शतकानुशतकें एका बाजारांत, एका पाणवठ्यावर वावरल्या, त्याचा हा ठसा असावा, असें मला वाटतें. आणि मी विचारतों, ‘मी’ म्हणणारी व्यक्ति समोरच उभी असतां ती स्त्री आहे कीं पुरुष हें क्रियापदानें आणखी सांगितल्यावांचून कोणाचें काय अडतें? इंग्रजीचें अडत नाहीं, संस्कृताचेंहि ‘गच्छामि’ म्हणतांना अडत नव्हतें.

आतां उच्चारांकडे वळूं, कारण खरा दंश तेथें असतो. शब्द निराळा असेल तर लोक हंसतात. उच्चार निराळा असेल तर ‘अशुद्ध’ म्हणतात. वऱ्हाड-खानदेशांत ‘ळ’च्या जागीं ‘य’ येतो: डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’, जवळचें ‘जवय’. ठाणें-रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी बोलींत त्याच ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि डोळ्याचा ‘डोला’ बनतो. पण मुळांत हा ‘ळ’ आला कोठून? संस्कृत ‘फल’ आणि ‘काल’ यांतल्या ‘ल’चा आपणच ‘ळ’ केला आणि ‘फळ’, ‘काळ’ म्हणूं लागलों. एक पायरी उतरून थांबलेला मनुष्य दुसरी पायरी उतरलेल्यास हंसत आहे, आणि आगरी तर ‘ल’वर उभा राहून दोघांकडे पाहत आहे.

याहून मौजेची कथा ‘ण’ची. ‘पाणी’ न म्हणतां ‘पानी’ म्हणणें हें अडाणीपणाचें लक्षण, असें आपल्या शिकलेल्या घरांतून मुलांच्या मनावर लहानपणींच बिंबवितात. मूळ संस्कृत शब्द आहे ‘पानीय’, त्यांत ‘न’च आहे. प्राकृत बोलणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं ‘न’चा सरसकट ‘ण’ केला. वररुचीच्या प्राकृत व्याकरणांत तसा नियमच सांगितलेला आहे. त्या काळच्या संस्कृत पंडितांच्या कानाला हे प्राकृत उच्चार किती गांवठी वाटले असतील, याची कल्पना करावी! तोच गांवठी ‘ण’ आज आपल्या सोवळ्याची खूण होऊन बसला आहे, आणि ‘पानी’ म्हणणारा शेतकरी, त्याला ठाऊक नसतांना, पंडिताच्या पंक्तीला जाऊन बसला आहे.

दक्षिण कोंकणची गोष्ट आणखी वेगळी. तेथें ‘मला, तुला’च्या जागीं ‘माका, तुका’, ‘कोठें’च्या जागीं ‘खंय’, मुलगा तो ‘झिल’, मुलगी ती ‘चेडू’, बाप तो ‘बापूस’, आणि निवांत गप्पा त्या ‘गजाली’. पण मालवणी माणसाला परका मनुष्य शब्दांच्या आधीं ओळखतो तो हेलावरून. वाक्य शेवटाला आलें कीं स्वर लांबतो, लाट किनाऱ्यावर पसरावी तसा पसरतो. हा हेल कागदावर उतरत नाहीं. कोणत्याहि लिपींत त्याला चिन्ह नाहीं. म्हणून छापील पुस्तकांवर वाढलेल्या मनुष्यास तो कांहीं जास्तीचें, चिकटविलेलें असें वाटतें, आणि आपल्या स्वतःच्या बोलण्याला हेल नाहींच अशी त्याची समजूत असते. नागपुरांत जाऊन दोन दिवस राहावें म्हणजे ही समजूत फिटते. तेथील पोरें पुणेरी बोलण्याची, त्यांतल्या सानुनासिक सुरांची आणि ‘हो ना’ची अशी हुबेहूब नक्कल करतात कीं, पुणेकरानें आपला हेल त्यांच्या तोंडून प्रथम ऐकावा.

‘पोट्टा’ आणि ‘पोट्टी’ हे शब्द ऐकून पश्चिमेकडचीं कित्येक सभ्य माणसें दचकतात, जणूं कोणाला शिवीच दिली. वऱ्हाडांत आई आपल्या लेकीला कौतुकानें पोट्टी म्हणते. तसेंच ‘तूं’चें. कित्येक खेड्यांत आजोबांनाहि ‘तूं’च म्हणतात, आणि शहरांतून आलेल्या सुनेला तो उद्धटपणा वाटतो. आपण आईला आणि देवाला ‘तूं’ म्हणतों, तेव्हां मात्र कोणाला उद्धटपणा दिसत नाहीं.

खानदेशच्या अहिराणीविषयीं थोडेंच सांगतों, कारण तिथें परका मनुष्य हंसण्यापूर्वींच गोंधळून जातो. ‘आहे’च्या जागीं ‘शे’, ‘माझा’च्या जागीं ‘मन्हा’, ‘मुलगा’ म्हणजे ‘आंडोर’. गुजराथीच्या ‘छे’शीं तिचें नातें सरळ दिसतें. जॉर्ज ग्रियर्सन यांनीं हिंदुस्थानांतील भाषांची जी मोठी पाहणी केली, तींत मराठीचा खंड १९०५ सालीं निघाला. पण खानदेशीला त्यांनीं त्यांत न घालतां भिल्ली बोलींच्या खंडांत बसविलें. त्यांचा निवाडा सर्वांस मान्य झाला असें नाहीं. अहिराणी बोलणाऱ्या घरांत मात्र लिहावयाची भाषा मराठीच आहे.

मग पुण्याकडची बोली ‘प्रमाण’ कशी झाली? ती अधिक जुनी म्हणून नव्हे, अधिक गोड म्हणूनहि नव्हे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबई-पुण्याकडे सरकारी शाळा निघाल्या, पुस्तकें छापूं लागलीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं. हीं कामें करणारे पंडित ज्या मुलखांतले आणि ज्या वर्गांतले होते, त्यांचें बोलणें कागदावर आलें. कागदावर आलें तें शाळेंत गेलें. आणि शाळेंत गेलेलें तें ‘शुद्ध’ ठरलें. त्या वेळीं छापखाना आणि राजधानी रिद्धपुरास असती, तर आज मी आपणांशीं ‘मले असं वाटते’ अशा मराठींत बोललों असतों, आणि ‘मला’ म्हणणाऱ्यास आपण सगळे हंसलों असतों.

याचा अर्थ कोणी असा करूं नये कीं प्रमाण भाषा नकोच. मी शाळामास्तर आहें. शुद्धलेखनाच्या वहींत ‘पानी’ दिसलें कीं माझी तांबडी शाई चालत असे, आणि आजहि वही हातांत आली तर चालेल. चंद्रपुरानें लिहिलेला अर्ज सावंतवाडीस वाचतां आला पाहिजे, यासाठीं लिहिण्याचें एक रूप सर्वांनीं मान्य करणें हें सोयीचें आहे आणि न्यायाचेंहि आहे. परंतु ती वहीची गोष्ट झाली. तोंड म्हणजे वही नव्हे. मुलाचें बोलणें तांबड्या शाईनें खोडण्यास गेलें म्हणजे काय होतें, त्याचें एक उदाहरण सांगतों.

देशावरच्या एका तालुक्याच्या गांवीं मी पांचवीला गणित शिकवीत असतां अकोल्याकडून बदलून आलेल्या एका कारकुनाचा मुलगा वर्गांत आला. मुलगा तल्लख होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मी भागाकार शिकवीत होतों; भाजकापेक्षां लहान आंकडा आला तर भागाकारांत शून्य मांडून पुढचा आंकडा खालीं घ्यावयाचा, हें फळ्यावर दाखविलें. त्यानें हात वर केला आणि विचारलें, ‘गुरुजी, सुन्न काऊन मांडाचं?’ प्रश्न उत्तम होता. इतर मुलें तें शून्य सांगितलें म्हणून मांडीत होतीं. कां मांडावयाचें हें त्यांतल्या एकालाहि सुचलें नव्हतें. पण वर्ग ‘काऊन’ या शब्दावर असा खदखदून हंसला कीं मीं दिलेलें उत्तर त्याच्यापर्यंत पोंचलेंच नाहीं. मधल्या सुटींत मुलें त्याच्यामागें ‘काऊन, काऊन’ म्हणत कावळ्यासारखीं ओरडत फिरलीं. त्यानंतर त्याचा हात वर गेला नाहीं. सहामाहीचे पेपर तपासतांना मला दिसलें कीं जेथें जेथें भागाकारांत शून्य यावयाचें होतें, तेथें तेथें त्यानें तें गाळलें होतें. ८०८ ला ४ नें भागून त्याचें उत्तर २२ आलें होतें.

‘काऊन’ म्हणजे ‘कां’. वर्गानें हंसून त्या मुलाचा शब्द बंद केला नाहीं, प्रश्न बंद केला. दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर मीं एक दिवस फळ्यावर ‘कां?’ एवढेंच लिहिलें आणि ज्याच्या त्याच्या घरीं याला काय म्हणतात तें विचारलें. परभणीकडच्या एका मुलीनें ‘कामून’ सांगितलें. कुडाळच्या शिपायाच्या मुलानें जरा लाजत ‘कित्याक’ म्हटलें. धुळ्याकडच्या एकानें ‘काबरं’ सांगितलें. फळ्यावर पांच शब्द झाले, आणि वर्ग या वेळींहि हंसला. पण आतां प्रत्येकजण दुसऱ्याच्या शब्दाला आणि आपल्याहि शब्दाला हंसत होता. अकोल्याचा मुलगा पुढें हळूंहळूं बोलूं लागला, भागाकारहि सुधारला. मात्र ‘काऊन’ हा शब्द त्याच्या तोंडून मला पुन्हां कधीं ऐकूं आला नाहीं. त्याची आई एकदां शाळेंत आली होती. ती वऱ्हाडींत बोले आणि तो तिला मराठी पुस्तकांतल्यासारखीं उत्तरें देई, आणि आपल्या आईचें बोलणें कोणी ऐकत तर नाहीं ना म्हणून आजूबाजूला पाही.

आपल्या नाटकांनीं आणि चित्रपटांनींहि या बाबतींत बरेंच पाप केलें आहे. मालक बोलावयाचा तो पुणेरी, आणि त्याचा गडी बोलावयाचा तो कोंकणी हेलानें. पाटील-शिपाई यांच्या तोंडीं गांवरान भाषा, ती प्रेक्षकांनीं हंसावें म्हणून. कित्येक पिढ्यांनीं बोली ऐकली ती नोकराच्याच तोंडून. गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ हें नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां सबंध नाटकच मालवणींत होतें, आणि मच्छिंद्र कांबळी यांनीं त्याचे हजारों प्रयोग केले. लोक तेथेंहि पोट धरून हंसले. पण आतां हंसविणारा मालवणी माणूस रंगमंचाच्या मध्यभागीं उभा होता, आणि कोणाला कशावर हंसावयास लावावयाचें हें तो ठरवीत होता. या फरकाला मी फार महत्त्व देतों. हल्लीं हातांतल्या फोनवर वऱ्हाडी, अहिराणी, आगरी बोलींतील विनोदाचे तुकडे घरोघर पाहतात; त्यांतले पुष्कळ त्या त्या मुलखाच्या तरुण मंडळींनीं स्वतः केलेले असतात, आणि ते ऐकून मला बरें वाटतें. दुसऱ्याच कोणी टवाळी म्हणून केलेले असतात, तेहि ऐकतांक्षणीं ओळखूं येतात. कारण त्यांत शब्द बरोबर असतात आणि हेल चुकलेला असतो.

जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतांना आणि घरांत दळतां-कांडतांना त्या आपल्या खानदेशी बोलींत ओव्या रचीत. १९५१ सालीं त्या वारल्या. मुलानें टिपून ठेवलेल्या त्यांच्या कविता आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या, आणि त्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. मुलें त्या चालीवर म्हणतात, शिक्षक त्यांतल्या शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतात, आणि डोळे भरून येतात. त्याच वर्गांत मागच्या बाकावर बसलेला खानदेशी मुलगा त्याच उच्चारानें ‘माले येत नाही’ म्हणाला, तर वर्ग हंसतो. हे दोन्ही प्रकार एका तासांत घडलेले मीं पाहिले आहेत.

मघां मीं रिद्धपुराचें नांव घेतलें. अमरावती जिल्ह्यांतील या गांवाशीं महानुभावांचा निकट संबंध आहे, आणि चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणारें ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकांत म्हाइंभटानें तेथेंच सिद्ध केलें. मराठी गद्याच्या आरंभींच्या ग्रंथांत त्याचें स्थान फार वरचें आहे. चक्रधर स्वतः गुजराथेंतून आलेले. मराठी ही त्यांनीं स्वीकारलेली भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हां आपण पेढे वांटले. भाषेचें जुनेपण सिद्ध करावयाची वेळ आली कीं आपणांस वऱ्हाडांतला ग्रंथ आठवतो, आणि वऱ्हाडी मनुष्य दारांत उभा राहून ‘येऊ काय?’ म्हणाला कीं हंसूं येतें.

असल्या शब्दांतून किती जुना ऐवज पडून आहे याचा एकच दाखला देतों. खेड्यांत जेवणाचें ‘आवतण’ येतें. आपण शहरांत ‘आमंत्रण’ देतों आणि आवतण म्हणणाऱ्यास अडाणी समजतों. आवतण हें त्याच आमंत्रणाचें शेंकडों वर्षें मराठी जिभेवर घांसून गुळगुळीत झालेलें रूप आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठींत तें आहे. आपण तें टाकून दिलें आणि पोथींतून मूळ संस्कृत शब्द पुन्हां उचलून आणला. वडिलांचें वापरांतलें तांब्याचें भांडें मोडींत घालून दुकानांतून नवें घ्यावें, तसा हा व्यवहार.

हा ऐवज जमा करण्याचें काम कांहीं थोड्या लोकांनीं केलें आहे. ग्रियर्सन यांनीं उधळ्या मुलाचा बायबलमधील दृष्टान्त प्रत्येक बोलींत उतरवून घेतला, म्हणजे एकच गोष्ट सर्वांच्या तोंडून ऐकतां आली. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून अ. मा. घाटगे यांनीं १९६३ पासून मराठीच्या बोलींवर एकामागून एक पुस्तकें काढलीं. कुडाळकडच्या बोलीचें पुस्तक १९६५ चें. त्याच संस्थेनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें अलीकडे गांवोगांव माणसें पाठवून, बोलणें ध्वनिमुद्रित करून नव्यानें पाहणी केली. पण पाहणी करणारे सगळ्या घरांत जाऊं शकत नाहींत, आणि ज्या आजीबाईला जुने शब्द ठाऊक असतात ती पाहुण्यांसमोर तोंड उघडीत नाहीं. कारण ‘पाहुणे आले कीं तूं बोलूं नकोस’ असें तिला घरांतूनच सांगितलेलें असतें.

तेव्हां हें काम ज्याच्या त्याच्या घरीं करण्यासारखें आहे, आणि त्याला खर्च कांहीं नाहीं. एक वही घ्यावी. आरंभ केर काढण्यापासून करावा, कारण त्या एका वस्तूला आपल्याकडे जितकीं नांवें आहेत तितकीं देवालाहि नसतील: केरसुणी, कुंचा, साळुता, फडा, शिरई, कोंकणांत वाढवण. मग चूल, मग पाण्याचीं भांडीं, मग नात्यांचीं नांवें, मग शेतांतली अवजारें. प्रत्येक शब्दापुढें तो कोणीं सांगितला, तिचें माहेर कोणतें आणि सासर कोणतें, हें लिहावें. बायकांच्या बोलण्यांत दोन गांवें एकत्र झालेलीं असतात, म्हणून दोन्ही नांवें पाहिजेत. शब्द तिनें जसा उच्चारला तसाच लिहावा, ‘ळ’ असावयास पाहिजे होता म्हणून ‘ळ’ घालूं नये. फोनवर आवाज धरून ठेवतां आला तर फारच उत्तम, कारण हेल वहींत यावयाचा नाहीं. आणि मुलांना जवळ बसवून घ्यावें. तीं हंसलीं तर हंसूं द्यावीं, फक्त आजीला मध्येंच थांबवूं देऊं नये.